म्हातारपणी पुन्हा इथाका

अमेरिकेतली मराठी माणसं निवृत्त झाली की साधारण दोनच वाटांनी जातात. एक तर मुलांच्या गावी, नातवंडांच्या शाळेजवळ. नाही तर फ्लोरिडात, उन्हात. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने टॅव्हारेस गावातल्या शांतिनिकेतन वसाहतीत घर घेतलं. ती खास भारतीयांसाठी काढलेली, तिथे वरणभात आणि गप्पा दोन्ही आयतं. आम्ही मात्र न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या अंगाला, इथाकाला आलो. इथे नोव्हेंबरात ढग येतात ते एप्रिलपर्यंत हलायचं नाव घेत नाहीत. मैत्रिणी विचारायच्या, "अगं, तिथे तुमचं आहे कोण?" माझं कोणीच नव्हतं. नवऱ्याचे भाऊ होते. रक्ताचे नव्हेत, कॉलेजातल्या फ्रॅटर्निटीतले, म्हणजे निवडक मुलांच्या बंधुमंडळातले.

माझा नवरा अमेरिकन. इथाकातल्याच कॉर्नेल विद्यापीठातून १९७८ साली इंजिनियर झाला आणि पुढच्या डिग्रीसाठी तिथेच राहिला. मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९७९ साली तिथे प्लांट ब्रीडिंगमध्ये पीएच.डी. करायला गेले. आमचा विभाग ब्रॅडफिल्ड हॉलमध्ये. उंच इमारत, आणि बहुतेक मजल्यांना खिडक्याच नाहीत. बाहेर बर्फ पडतोय की ऊन आहे हे जिना उतरून खाली आल्याशिवाय कळायचं नाही. १९८३ साली बार्बरा मॅक्लिंटॉकना नोबेल मिळालं तेव्हा आमच्या मजल्यावर दिवाळी होती, कारण मक्याच्या गुणसूत्रांवरचं त्यांचं सुरुवातीचं काम कॉर्नेलमधलंच, १९२०च्या दशकातलं. माझं कॉर्नेल म्हणजे हे. नवऱ्याचं कॉर्नेल म्हणजे टेकडीच्या उतारावरचं एक दगडी घर. त्याला सगळे नुसतं 'हाऊस' म्हणायचे.

पुण्यात आईला फ्रॅटर्निटी म्हणजे काय हे पत्रातून सांगताना माझी भंबेरी उडाली होती. हॉस्टेल म्हणावं तर तिथे राहायला निवडून यावं लागतं. मेस म्हणावी तर तिला घटना, खजिनदार आणि गुप्त शपथ आहे. ग्रीक अक्षरांची नावं लावायची ही पद्धत १७७६ च्या फाय बीटा कप्पापासूनची, पण आज ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतात ती सुरू झाली १८२५ साली याच राज्यातल्या युनियन कॉलेजात. कॉर्नेल १८६८ साली उघडलं तेव्हा मुलांना राहायला पुरेशा खोल्या नव्हत्या. पहिले अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट स्वतः फ्रॅटर्निटीवाले, त्यामुळे त्यांना ही घरं सोयीचीच वाटली. पुढे माजी विद्यार्थ्यांनी पैसे घालून मोठमोठे वाडे बांधले. आजही अशा हाऊसचा कारभार बऱ्याचदा माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे असतो, आणि म्हणूनच पन्नाशी-साठी उलटलेली माणसं छत गळतंय का याची चौकशी करत राहतात. या दारांतून सगळ्यांना आत घेत नसत. अल्फा फाय अल्फा ही काळ्या विद्यार्थ्यांची पहिली आंतरमहाविद्यालयीन फ्रॅटर्निटी १९०६ साली कॉर्नेलमध्येच निघाली, त्यामागे हेच एकटेपण होतं. आपल्याकडच्या मुलांच्या दक्षिण आशियाई फ्रॅटर्निट्या आल्या त्या थेट १९९० च्या दशकात. माझ्या काळात त्या हाऊसमध्ये माझ्या रंगाचं माणूस म्हणजे मी, आणि तेही पाहुणी म्हणून.

पहिल्यांदा आत गेले तेव्हा पायाला जमीन चिकटली. बिअर. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अठराव्या वर्षी दारू पिणं कायदेशीर होतं. १९८२ च्या शेवटी ते वय एकोणीस झालं आणि १९८५ साली एकवीस. तळघरात पिंप, वर दिवाणखान्यात शेकोटी, आणि जिन्याच्या भिंतीवर दरवर्षीची फ्रेम: कोट घातलेल्या मुलांचे चौकोनी फोटो ओळीने, खाली नावं. या फ्रेमला कॉम्पोझिट म्हणतात. १९७७ सालच्या फ्रेममध्ये माझा नवरा खालून दुसऱ्या ओळीत आहे, कानापर्यंत कल्ले. त्याच ओळीत पुढे जे तीन चेहरे आहेत ते आज माझे शेजारी आहेत.

झालं असं. २०१८ च्या जूनमध्ये यांच्या बॅचचं चाळिसावं रियुनियन होतं. कॉर्नेलमध्ये दर पाच वर्षांनी बॅच भरते, आर्ट्स क्वाड या मैदानावर मोठे तंबू पडतात, बँड वाजतो, सत्तरीची माणसं विसाव्या वर्षाच्या आवाजात ओरडतात. त्या तंबूत एकाने विषय काढला: आपण सगळे एकाच ठिकाणी राहायला गेलो तर? मला वाटलं, तंबूतली गोष्ट तंबूत राहील. पण ही माणसं चाळीस वर्षं रविवारी फोन करणारी. दोघांचे घटस्फोट, एकाचं दिवाळं, एकाच्या मुलाचं व्यसन, हे सगळं त्यांनी फोनवर निस्तरलेलं. पुढच्याच महिन्यात एक्सेलची फाइल फिरू लागली.

विद्यापीठाजवळच्या निवृत्तांच्या वसाहती हा अमेरिकेत आता मोठा धंदा आहे. फ्लोरिडा विद्यापीठाजवळ गेन्सव्हिलला ओक हॅमक आहे. बॉस्टनजवळ न्यूटनला लासेल व्हिलेज आहे, तिथल्या रहिवाशांनी वर्षाला ४५० तास काहीतरी शिकण्यात घालवायचे असा नियमच आहे. ॲरिझोना स्टेटच्या आवारात टेम्पीला मिराबेला हा वीस मजली टॉवर आहे. आमच्यातल्या एकाला थंडी नको होती, तो मिराबेलाच्या मागे लागला होता. मग बातमी आली की तिथल्या काही रहिवाशांनी समोरच्या संगीतक्लबवर रात्रीच्या आवाजासाठी दावा ठोकला आणि २०२२ साली कोर्टाकडून मनाई हुकूमही मिळवला. आमच्या मंडळींना त्याचं फार हसू आलं. पन्नास वर्षांपूर्वी शेजारी यांच्यावर पोलीस बोलवायचे.

इथाकाच्या बाजूने कौल पडायला हान्स बेथे कारणीभूत झाले. सूर्य कशाने जळतो हे सांगणारे, १९६७ चे नोबेलवाले बेथे कॉर्नेलमध्ये १९३५ पासून होते, आणि शेवटची वर्षं केंडाल ॲट इथाका या निवृत्तांच्या वसाहतीत राहिले. १९९९ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी तिथल्या शेजाऱ्यांना क्वांटम भौतिकीवर तीन व्याख्यानं दिली. त्यांचं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. नवऱ्याने ते मला दाखवलं. एक म्हातारा बसून, सावकाश, ठाम जर्मन उच्चारात बोलतोय आणि समोर त्याच्याच वयाची माणसं. मी म्हटलं, ठीक आहे, निदान बिंगोवर दिवस काढावे लागणार नाहीत.

आमच्या वसाहतीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात काही तक्रारी आहेत. प्रक्रिया मात्र सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच. आधी अनामत भरून प्रतीक्षायादीत नाव. मग कधीतरी फोन येतो की अमुक मापाचं घर रिकामं होतंय. रिकामं का होतंय हे कोणी विचारत नाही. मग एकरकमी प्रवेश रक्कम, जी भरायला बहुतेक जण राहतं घर विकतात, आणि शिवाय दर महिन्याचं शुल्क. करार साधारण तीन प्रकारचे. ए प्रकारात सुरुवातीलाच जास्त पैसे घेतात, पण पुढे तुम्ही अंथरुणाला खिळलात तरी शुल्क फारसं बदलत नाही. बी मध्ये शुश्रूषेचे काही दिवस धरलेले असतात, पुढे बाजारभाव. सी मध्ये आत यायला स्वस्त आणि आजारी पडलात की सगळं खिशातून. म्हणजे हा घराचा व्यवहार नाहीच, आजारपणाचा विमा आहे. अमेरिकेत पासष्टीनंतर मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळतो म्हणून लोक निर्धास्त असतात. पण मेडिकेअर नर्सिंग होमचे फार तर शंभर दिवस देतं, तेही उपचारांची गरज असेल तर, आणि पूर्ण खर्च पहिल्या वीसच दिवसांचा. रोज अंघोळ घालायला, भरवायला माणूस लागला तर त्याचे पैसे ते देत नाही. ज्यांचे आईवडील अजून धडधाकट आहेत त्यांनी हे आत्ताच वाचून ठेवावं.

न्यूयॉर्कने अशा आयुष्यभराच्या करारांना कायद्याने वाट दिली ती १९८९ साली, आणि राज्याचं आरोग्य खातं त्यावर लक्ष ठेवतं. तरीही वकील लावा. आमच्या करारात मासिक शुल्क किती वाढवायचं याला वरची मर्यादाच नव्हती. मी विचारलं तर विक्रीच्या बाईंनी फार गोड हसून आजवरच्या वाढीचा तक्ता पुढे केला. तक्ता म्हणजे मर्यादा नव्हे, हे तीनदा सांगूनही कलम बदललं नाही. आम्ही करार तसाच सही केला. वकिलीण म्हणाली, प्रवेश रकमेचा आणि शुल्काचा काही भाग वैद्यकीय खर्च म्हणून आयकरातून वजा होतो, तेवढं तरी पदरात पाडून घ्या.

त्यानंतर तपासणी. डॉक्टरांची कागदपत्रं, औषधांची यादी आणि स्मरणशक्तीची चाचणी. पाच शब्द ऐकवतात आणि मध्ये दुसरंच काहीतरी करायला लावून परत विचारतात. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणतात. शंभरातून सात सात वजा करत खाली यायचं. मी मनात त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असं म्हणत जात होते आणि तोंडाने इंग्रजीत सांगत होते, त्यामुळे प्रत्येक आकड्याला जरा वेळ लागत होता. समोरची मुलगी पेन उचलून थांबलेली. तिला वाटलं असावं, बाई अडल्या. बहात्तरला मी मराठीतच मोठ्याने म्हणाले आणि पुढे सुसाट सुटले. नवऱ्याला यातलं काहीच जड गेलं नाही, फक्त घड्याळ त्याने डिजिटल काढू का म्हणून विचारलं. त्याच्यावर ती मुलगी हसली नाही.

आमच्या मंडळींतला एक जण या चाचणीपाशी अडला. त्याला पार्किन्सन्स होता, हात थरथरायला नुकती सुरुवात झालेली. ए प्रकारच्या करारात आधीपासूनचं दुखणं असलेल्याला घेणं वसाहतीला परवडत नाही. हिशोब सगळा असा की आत येताना माणूस बरा हवा. पत्र आलं, सभ्य भाषेत नकार. आणि योगायोग असा की ती एक्सेलची फाइल सुरू करणारा हाच. १९७४ च्या रशमध्ये, म्हणजे नवी मुलं निवडायच्या आठवड्यात, माझ्या नवऱ्याला हाऊसमध्ये घ्यायचं की नाही यावर वाद झाला तेव्हा त्याची बाजू लढवणारासुद्धा हाच.

मला वाटलं, आता हा बेत मोडणार. दोघांनी तर आमचीही नावं काढून घेऊ असं म्हटलंही. पण यांच्यात एक पद्धत आहे जी मला लग्नापासून दिसत आलीय: भावनेवर अर्धा तास, मग कामाला लागायचं. गावातच, कॉमन्स या पादचारी बाजारपेठेजवळ, लिफ्ट असलेल्या इमारतीत त्याच्यासाठी भाड्याची जागा शोधली. घरी येणारी मदतनीस ठरवली. तिच्या पगाराचा काही भाग या सगळ्यांच्या वर्गणीतून जातो, त्याची वही माझा नवरा ठेवतो. आठवड्यातून दोनदा कोणीतरी गाडी घेऊन जातं आणि त्याला आमच्या जेवणघरात पाहुणा म्हणून आणतं. पाहुण्याच्या जेवणाचे वेगळे पैसे पडतात. तो ते भरू देत नाही, हे भरतात, मग भांडण. सूप त्याच्या हातून सांडतं म्हणून एकाने स्वयंपाकघराला सांगून ते मगमध्ये द्यायची सोय करून घेतली, आणि त्याला वेगळं वाटू नये म्हणून आता त्या टेबलावरचे सगळेच मगमधून सूप पितात. त्यांचा गुप्त हस्तांदोलनाचा प्रकार मला इतक्या वर्षांत नवऱ्याने दाखवलेला नाही. पण त्या थरथरत्या हाताने तो आता जमत नाही, एवढं मला दुरून कळतं.

हे सगळं वाचून कोणाला फार गोड वाटेल, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. यांच्या गोष्टी मी चाळीस वर्षं ऐकतेय आणि त्यातली निम्मी हेल वीकची आहे. हाऊसमध्ये निवड झालेल्या नव्या मुलाला प्लेज म्हणतात. दीक्षाविधीच्या आधीच्या आठवड्यात त्याला झोपू न देणं, पाजणं, थंडीत उभं करणं, असला सगळा प्रकार. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला रॅगिंगने इतका खचला की वडील जाऊन त्याला घरी घेऊन आले. आपल्याकडे महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला, दादाच्या नंतर कितीतरी वर्षांनी. त्यामुळे ते किस्से सुरू झाले की मी उठून जाते. नवऱ्याला हे माहीत आहे.

२०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या केंद्र सरकारने हेझिंगविरोधी, म्हणजे इथल्या रॅगिंगविरोधी, कायदा केला. विद्यापीठांनी अशा घटनांची माहिती उघड करायची, असं त्यात आहे. त्याच सुमारास यांच्या हाऊसवरही विद्यापीठाची कारवाई चालू होती आणि माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाला वास्तू ठेवायची की विकायची ते ठरवायचं होतं. त्या रात्री जेवणघरात जो वाद झाला तो बाजूच्या टेबलांनी वाट्या खाली ठेवून ऐकला. "आपल्या वेळी असं काही नव्हतं," एक म्हणाला. पार्किन्सन्सवाला म्हणाला, "खोटं बोलू नकोस. जानेवारीत दरीच्या काठाने त्या पोराला डोळे बांधून कोण घेऊन गेलं होतं?" कोणीच बोललं नाही. इथाकात ही साधी गोष्ट नाही. गाव दऱ्यांनी चिरलेलं आहे आणि विद्यापीठ पाच वर्षांचं असताना, १८७३ साली, मॉर्टिमर लेगेट नावाचा मुलगा दीक्षाविधीच्या रात्री अशाच दरीत पडून मेला होता. २०१९ सालीसुद्धा एका हाऊसच्या नियमबाह्य पार्टीला गेलेला पहिल्या वर्षाचा मुलगा दरीत मृत सापडला. मधल्या शंभर-दीडशे वर्षांत दर पिढीने आपल्या वेळी असं नव्हतं असंच म्हटलेलं असणार. नवऱ्याने वास्तू विकायच्या बाजूने मत दिलं. मंडळाने ती ठेवली, पण तिथे पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी राहतील आणि एक मोठं माणूस सोबत राहील या अटीवर. दोन मित्र महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि ते दोघे एकाच मजल्यावर राहतात, त्यामुळे लिफ्टमध्ये गंमत यायची.

बायकांचं काय, हा प्रश्न एक्सेलमध्ये कुठेच नव्हता. आम्ही सगळ्याजणी आपापल्या गावातून, मैत्रिणींतून, कामातून उठून आलो ते नवऱ्यांच्या विसाव्या वर्षात राहायला. पहिल्या हिवाळ्यात मला न्यू जर्सीतलं महाराष्ट्र मंडळ, गणपती, दर महिन्याची भिशी आठवून फार जड गेलं. (फोडणी, स्मोक अलार्म आणि धावत आलेला सुरक्षारक्षक ही गोष्ट अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी बाईने लिहून झालीय, मी लिहीत नाही.) एकीने, जी न्यायाधीश म्हणून निवृत्त झाली होती, स्वच्छ सांगितलं की ती आणखी एकदा 'बिअरच्या पिंपाचा किस्सा' ऐकणार नाही. तिने आणि मी मिळून जेवणाची वेळ बदलून घेतली. मंगळवारी आणि गुरुवारी आम्ही बायका वेगळ्या बसतो.

मला माझं कॉर्नेल परत सापडलं ते वेगळ्याच रस्त्याने. बोटॅनिक गार्डन्समध्ये स्वयंसेवक म्हणून बियाणं साफ करायला जाते. शनिवारी तलावाकाठच्या फार्मर्स मार्केटमध्ये एक शेतकरीण भेटली, ती आपली मेथी आणि अळू लावायचं बघतेय. अळूला इथला उन्हाळा पुरत नाही, कुंडीत आत-बाहेर करावं लागतं, हे मी तिला तालीम देऊन शिकवतेय. ब्रॅडफिल्डमध्ये एकदा गेले होते. माझ्या प्रयोगशाळेत आता जनुकक्रम वाचणारी यंत्रं आहेत. एका विद्यार्थिनीने, नागपूरच्या निघाली ती, मला ज्वारीचं काम दाखवलं आणि आम्ही जिन्यात उभ्या राहून तासभर मराठीत बोललो.

अडचणी आहेत. मोठं दुखणं निघालं तर सिराक्यूझ किंवा रॉचेस्टर गाठावं लागतं, आणि जानेवारीत त्या रस्त्यांवर बर्फाची वादळं असतात. विमान बदलल्याशिवाय फारसं कुठे जाता येत नाही. वसाहतीत जवळपास सगळे गोरे, जवळपास सगळे खाऊनपिऊन सुखी. घर विकून प्रवेश रक्कम भरता येईल इतकं ज्याच्याकडे आहे तोच इथे येतो. एकदा हाऊसच्या रशमध्ये चाळणी लागली होती, आता तपासणी आणि बँकेच्या कागदांत लागते, हे मी नवऱ्याला म्हटलं तेव्हा त्याने वही मिटून फक्त "हो" म्हटलं.

मुलगी सिॲटलला असते. तिने मागच्या भेटीत विचारलं, "आई, बाबा आधी गेला तर तू इथे काय करणार? हे सगळे त्याचे मित्र." करार दोघांच्या नावाने आहे, मी राहू शकते, हे तिला दाखवलं. पार्किन्सन्सवाल्याची वर्गणीची वही कशी ठेवायची तेही नवऱ्याने मला समजावून ठेवलंय, कारण बाकीच्यांना बेरीज येत नाही असं त्याचं मत आहे. शिवाय मार्चमध्ये मेथीच्या वाफ्यांचं बघायचंय, आणि सिॲटलच्या तिच्या घराला दोन जिने आहेत, जे घर ती काही केल्या विकणार नाही.